स्टर्लिंगच्या किल्ल्याचा पिवळा रंग

स्कॉटलंडमधील स्टर्लिंगचा किल्ला ज्वालामुखीतून तयार झालेल्या उंच कातळावर उभा आहे. खालची फोर्थ नदी ओलांडण्याची जागा ज्याच्या ताब्यात, त्याच्याच हाती उत्तरेची वाट असे. म्हणूनच स्कॉट आणि इंग्रज सैन्यांतील १२९७ मधील स्टर्लिंग पुलाची आणि १३१४ मधील बॅनकबर्नची लढाई याच परिसरात झाली.

आज मात्र तेथे नजरेत भरते ते राजदरबाराचे वैभव. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याचे सुमारे ४२ मीटर लांबीचे महादालन १५०३ च्या सुमारास पूर्ण झाले. १५९४ मध्ये राजा सहाव्या जेम्सचा मुलगा युवराज हेन्री याच्या बाप्तिस्म्याच्या मेजवानीत मासळीचे पदार्थ चक्क एका लाकडी गलबतातून याच दालनात आणले गेले. पुढे १६०३ मध्ये सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसण्यासाठी लंडनला गेला, दरबारही उठला आणि कालांतराने किल्ल्यावर लष्कराचाच वावर राहिला. सैनिकांच्या राहण्यासाठी महादालनात मजले व आडभिंती घातल्या गेल्या आणि मूळ लाकडी छत उतरवण्यात आले. पाचव्या जेम्सच्या राजवाड्यातील छताला जडवलेले ओकचे कोरीव मुखवटे, म्हणजेच ‘स्टर्लिंग हेड्स’, १७७७ मध्ये काढून टाकले गेले आणि त्यांतले कित्येक इतस्ततः विखुरले.

लष्कराने १९६४ मध्ये किल्ला सोडल्यानंतर महादालनाच्या जीर्णोद्धाराचे काम सुरू झाले आणि तीन दशकांहून अधिक काळ चालून १९९९ मध्ये संपले. सुमारे ३५० ओक वृक्षांच्या लाकडातून नवे छत उभे राहिले आणि बाहेरील भिंतींना जुन्या पद्धतीप्रमाणे पिवळसर चुन्याचा हात दिला गेला. तो रंग अनेकांना खटकला. किल्ला म्हटला की उघडा, काळवंडलेला दगडच हवा, ही आपलीही सवय. पण स्टर्लिंगचे दालन त्याच्या राजाने पाहिले ते असेच झळझळीत. खरा आक्षेप घ्यायचाच, तर तो वेगळा आहे: बराकींच्या रूपाने साचलेला सैनिकांचा इतिहास या कामात बराचसा पुसला गेला.

राजवाड्याच्या दालनांचे काम २०११ मध्ये पूर्ण झाले. तेथील छतावर आता नव्याने कोरलेले, भडक रंगांत रंगवलेले मुखवटे आहेत, तर उरलेले मूळ मुखवटे, प्रत्येकी जवळपास मीटरभर व्यासाचे, वरच्या मजल्यावरील संग्रहालयात रंगाविना, उघड्या लाकडात पाहायला मिळतात.