ग्लुकोजमागे ३८ एटीपी: हा आकडा आला कुठून (पार्श्वभूमी)

पेशी ग्लुकोज जाळून ऊर्जा काढते त्याचे टप्पे, म्हणजे ग्लायकोलिसिस, सायट्रिक ॲसिड सायकल, इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेन, हे सगळं अकरावी-बारावीत पाठ झालेलं असतं, ते परत सांगत बसत नाही. घोळ आहे तो शेवटच्या बेरजेचा. एका ग्लुकोजमागे कुठे ३८ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन), कुठे ३६, आणि नवं पुस्तक उघडलं की ३० नाहीतर ३२. मुलांना वाटतं कुणीतरी चूक छापलीय.

जुना काळ पटकन उरकतो. १७८० च्या दशकात फ्रान्समध्ये गिनी पिग बर्फाच्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि श्वसन म्हणजे सावकाश चाललेलं ज्वलनच असं ठरवलं, मग शंभरएक वर्षांनी हे ज्वलन फुप्फुसात नाही की रक्तात नाही, थेट टिश्यूत होतं हे पटलं. १८९७ मध्ये जर्मनीत यीस्ट चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबवून दाखवली. १९२९ मध्ये एटीपी सापडलं, जर्मनीत आणि बोस्टनमध्ये वेगवेगळं, आणि बोस्टनच्या जोडीतला एक आपल्या आंध्रातला होता, त्याला मिळायला हवं तेवढं श्रेय आजही मिळत नाही. १९३७ मध्ये इंग्लंडात कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून सायकल जुळवली, तो पेपर एका नामांकित साप्ताहिकाने परत पाठवला होता.

आता मुद्दा. ३८ येतात कसे? ग्लायकोलिसिसचे निव्वळ २, सायकलचे २, मग १० एनएडीएच (इलेक्ट्रॉन चेनपर्यंत वाहून नेणारा रेणू, एफएडीएच२ ही तसाच) गुणिले ३ म्हणजे ३०, आणि २ एफएडीएच२ गुणिले २ म्हणजे ४. ग्लायकोलिसिसच्या दोन एनएडीएचचे इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ज्या भागात चेन असते तिथे, न्यायला स्वस्तातला शटल (ने-आण करणारी व्यवस्था) वापरला तर २ कमी, म्हणून ३६. म्हणजे सगळा खेळ त्या "गुणिले ३" वर आहे.

हा ३ प्रयोगातून आला खरा पण अर्धाच. १९४० आणि ५० च्या दशकात मोजमाप बहुतेक वेळा तीनच्या आतच यायचं, पण समजूत अशी होती की इलेक्ट्रॉन खाली उतरताना एखादं हाय-एनर्जी केमिकल इंटरमीडिएट तयार होतं आणि तेच एटीपी बनवतं. असं असेल तर उत्तर पूर्णांकातच हवं, नोट मोडली की तीन नाणी, अडीच नाणी कोण देणार. मग जे कमी पडतं ते गळती म्हणून सोडून द्यायचं आणि ३ लिहायचं.

ते इंटरमीडिएट काही सापडलं नाही. वीसेक वर्षं मोठमोठ्या लॅब त्याच्या मागे होत्या, मधूनमधून सापडलं म्हणून जाहीर व्हायचं आणि मग गुपचूप मागे घेतलं जायचं. १९६१ मध्ये एका ब्रिटिश बायोकेमिस्टने सांगितलं की असं काही नाहीच, चेन प्रोटॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याबाहेर ढकलते, पडद्याच्या दोन्ही बाजूंत फरक तयार होतो आणि प्रोटॉन परत आत येताना एटीपी बनतं. लोकांनी वेड्यात काढलं. हा माणूस तब्येतीमुळे एडिनबरा सोडून कॉर्नवॉलला गेला, एक पडका वाडा दुरुस्त करून तिथेच छोटी लॅब थाटली आणि आपलं म्हणणं स्वतःच छापून वाटलं. त्याच्या बाजूने सगळ्यात भारी पुरावा मला वाटतो डीएनपी या रसायनाचा, १९३० च्या दशकात वजन कमी करायला लोक जे खायचे आणि अंगातल्या उष्णतेने मरायचे ते. पडदा शाबूत असला तरी डीएनपी प्रोटॉन पलीकडे नेऊन सोडतं, मग ऑक्सिजन जळतो पण एटीपी बनत नाही. १९६६ मध्ये क्लोरोप्लास्ट (पानातले हरितकण, एरवी उजेडात एटीपी बनवणारे) ॲसिडमध्ये भिजवून एकदम अल्कलीत टाकले तर अंधारातही एटीपी बनलं, १९७४ मध्ये बॅक्टेरियाचा प्रोटॉन पंप आणि बैलाच्या हृदयातलं एटीपी बनवणारं एन्झाइम एकाच कृत्रिम पडद्यात बसवलं तर तेही चाललं, आणि १९७८ ला नोबेल त्याला एकट्यालाच. विरोधकांचा थोडासुद्धा हट्ट नव्हता असं म्हणवत नाही, पण चेनच्या शेवटच्या कॉम्प्लेक्समध्ये प्रोटॉन पंप होतात हे १९७७ मध्ये एका फिनिश संशोधकाने दाखवलं तेव्हा हाच माणूस बरीच वर्षं मानायला तयार नव्हता.

पण एकदा प्रोटॉनचा साठा मान्य केला की पूर्णांकाची सक्तीच गेली. एका एनएडीएचमागे १० प्रोटॉन बाहेर जातात, एका एटीपीला (फॉस्फेट आत आणण्याचा खर्च धरून) साधारण ४ लागतात, म्हणून २.५. एफएडीएच२ चे ६ भागिले ४ म्हणजे १.५. बेरीज करून बघा, शटलनुसार ३० किंवा ३२ येतात. १९९० च्या दशकात हे आकडे पुस्तकांत शिरायला लागले, आपल्याकडच्या गाइडांत मात्र ३८ ठाण मांडून होता. ज्या थिअरीतून तो ३ आला ती कधीच मोडीत निघाली, तिचा आकडा तेवढा राहिला.

आणि ४ सुद्धा गोलच आहे हं. एटीपी सिंथेसची (एटीपी बनवणाऱ्या त्याच एन्झाइमची) चकती फिरते, एका पाकळीमागे एक प्रोटॉन, एका फेरीत ३ एटीपी, पण चकतीला पाकळ्या किती ते प्राण्यावर अवलंबून. गाईच्या हृदयात ८, यीस्टमध्ये १०. म्हणजे पाकळ्या भागिले ३, आणि फॉस्फेटचा १ धरून, एका एटीपीला गाईचा भाव ३.७ च्या आसपास प्रोटॉन आणि यीस्टचा ४.३. त्यात पडदा थोडा झिरपतो तो वेगळाच, आणि तान्ह्या बाळाच्या तपकिरी चरबीत तर प्रोटॉन मुद्दामच दुसऱ्या दाराने आत सोडले जातात, तिथे एटीपीपेक्षा ऊबच जास्त हवी असते.