टेप हेड

टेप हेड : चुंबकीय फितीवर ध्वनी, चित्र किंवा संगणकीय माहिती उमटवणारा, ती वाचणारा अथवा पुसणारा लहानसा विद्युतचुंबक. त्याला ‘चुंबकीय शीर्ष’ असेही म्हणता येईल. पण दुरुस्तीच्या दुकानापासून ध्वनिमुद्रणाच्या कक्षापर्यंत सगळीकडे ‘हेड’ हाच शब्द रुळला आहे, म्हणून येथेही तोच ठेवला आहे. ठाण्याच्या बाजारपेठेतील कॅसेटच्या काळात त्याची एक पिढी नांदली. आज खाडीपलीकडच्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटरे उभी आहेत. तिथे दीर्घकाळ जपायची माहिती जिथे फितीवर ठेवली जाते, तिथे त्याची दुसरी पिढी काम करते. फितीच्या घर्षणाने हेड झिजते, हा दोन्ही पिढ्यांचा मुख्य प्रश्न. त्याच इमारतींत शिरणाऱ्या प्रकाशतंतूंच्या जोडणीतही झिजेचा तोच प्रश्न येतो, म्हणून प्रकाशीय स्विचचा थोडका विचार नोंदीच्या शेवटी केला आहे.

उगम : चुंबकीय मुद्रणाची कल्पना प्रथम कोणाची, याविषयी दोन मते आढळतात. ओबर्लिन स्मिथ या अमेरिकन अभियंत्याला ती १८७८ च्या सुमारास सुचली आणि १८८८ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. पोलादाचा कीस मिसळलेला सुती धागा वेटोळ्यातून ओढायचा, अशी त्याची योजना होती. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौल्सेन याने १८९८ मध्ये ‘टेलिग्राफोन’चे पेटंट मागितले व १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते यंत्र चालवून दाखवले. कल्पनेचा मान स्मिथला आणि चालत्या यंत्राचा पौल्सेनला, ही वाटणी बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे व ती रास्त वाटते.

हेडच्या दृष्टीने मात्र या दोघांहून पुढची घटना महत्त्वाची आहे. पौल्सेनच्या यंत्रात विद्युतचुंबकाची टोके पोलादी तारेला थेट भिडत. तारेला ते सोसत होते. फ्रिट्झ फ्लॉयमर याने १९२८ मध्ये लोहचूर्ण चढवलेल्या कागदी फितीचे पेटंट घेतले, तेव्हा तीच टोके कागद ओरबाडू लागली. यावरचा तोडगा एडुआर्ड श्युलर याने १९३३ च्या अखेरीस पेटंटसाठी मांडला. त्याने गाभा कड्यासारखा वाकवला, त्याला एका जागी केसाहून बारीक फट ठेवली आणि फीत त्या गोलाईवरून सरकू दिली. टोक गेले, गोलाई आली. एइजी या जर्मन कंपनीच्या १९३५ मध्ये बर्लिनला मांडलेल्या ‘मॅग्नेटोफोन’मध्ये हे कड्याच्या आकाराचे हेड होते. नंतरच्या बहुतेक सगळ्या ध्वनिहेडांचे मूळ तेच.

बायसचा वाद : ध्वनीच्या प्रवाहाबरोबर मानवी कानाला न ऐकू येणारा, उच्च कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह हेडला दिला, तर मुद्रण स्वच्छ होते. याला एसी बायस म्हणतात. त्याच्या शोधाचा मान किमान तीन देश सांगतात. अमेरिकी नौदलाच्या कार्लसन व कार्पेंटर यांनी १९२१ मध्ये अर्ज केला आणि १९२७ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. मात्र त्यांचे काम तारेवरील संदेशांपुरते होते. जपानमध्ये केन्झो नागाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ च्या सुमारास तेच तत्त्व पुन्हा शोधले. जर्मन नभोवाणीतील वाल्टर वेबर व ब्राउनम्युल यांना ते १९४० मध्ये सापडले. एक प्रवर्धक बिघडून आपोआप दोलने करू लागला आणि त्याच फितीचा आवाज अनपेक्षितपणे साफ निघाला, अशी त्यामागची हकीकत सांगतात. शिकागोचा मार्व्हिन कॅम्रस हा चौथा दावेदार. त्याचे अमेरिकन पेटंट १९४४ चे. एकाने दुसऱ्याचे उचलले, असे ठामपणे म्हणावे इतका पुरावा दिसत नाही. त्यामुळे हे स्वतंत्र पुनर्शोध मानणे सयुक्तिक ठरते. संगीतयोग्य ध्वनीपर्यंत तंत्र नेण्याचे श्रेय मात्र वेबरकडे अधिक झुकते.

रचना : गाभ्याचे दोन अर्धे हिऱ्याच्या पेस्टवर घासून आरशासारखे केले जातात. त्यांच्यामध्ये अचुंबकीय पदार्थाचा पातळ थर ठेवून ते जोडतात. धातूच्या हेडमध्ये हा थर पत्र्याचा असतो, फेराइटमध्ये (लोह ऑक्साइडापासून केलेल्या चिनीमातीसारख्या चुंबकीय पदार्थात) काचेचा. वेटोळी घालून सारे चुंबकीय कवचाच्या डबीत बसवतात आणि शेवटी पुढचा चेहरा गोलाईत घासतात. कॅसेटची फीत सेकंदाला ४·७६ सेंमी. सरकते. म्हणजे १०,००० हर्ट्‌झच्या सुराची फितीवरील तरंगलांबी ४·७६ मायक्रॉन भरते. फट तरंगलांबीएवढी झाली की त्या सुराचा संकेत जवळपास शून्यावर येतो. म्हणून वाचनाच्या हेडमधील फट साधारण एक ते दोन मायक्रॉन ठेवतात.

फट ज्या कोनात उभी असते तो कोन म्हणजे अझिमथ. येथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हेड अंशाच्या एक षष्ठांशाने कलले, तर ०·६ मिमी. रुंदीच्या स्टीरिओ पट्ट्यावर वरील सुराची हानी सुमारे २ डेसिबल होते. १·५ मिमी.च्या मोनो पट्ट्यावर तीच हानी २० डेसिबलच्या पुढे जाते. साध्या मोनो टेपरेकॉर्डरवर मित्राकडची कॅसेट ‘दबलेली’ वाजे, ती पुष्कळदा यामुळे. दुरुस्ती करणारा कॅसेट चालू ठेवून हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवी. झांजेचा किंवा टाळांचा आवाज लख्ख झाला की थांबे आणि स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडी. मापनयंत्राविना ही पद्धत आश्चर्यकारक अचूक होती. मात्र ज्या कॅसेटवर हेड लावले तिचेच अझिमथ चुकलेले असेल, तर सारेच मुसळ केरात.

झीज : फीत दिसायला मऊ, पण तिच्यावरील लोह ऑक्साइडाचे कण म्हणजे अतिसूक्ष्म पॉलिशपेपरच. फटीची खोली झिजत शून्यावर आली की फट उघडी पडते आणि हेड मरते. त्याआधी एक चकवा होतो. खोली कमी झाल्याने चुंबकीय रेषांना फितीकडून येणे अधिक सोयीचे होते व वाचनाचा संकेत किंचित वाढतो. विझता दिवा मोठा होतो, तसे हे आहे. चेहऱ्यावर फितीच्या रुंदीची खाच पडली असेल, तर अडचण वेगळी असते. जरा वेगळ्या उंचीवरून येणाऱ्या कॅसेटची कड तिच्या काठावर चढते आणि फीत फटीपासून उचलली जाते. म्हणून चांगल्या हेडांवर फितीच्या दोन्ही कडांखाली आधीच चर कापून ठेवतात.

उचलले जाण्याची किंमत मोजता येते. अंतर भागिले तरंगलांबी, गुणिले ५४·६, इतके डेसिबल गमवावे लागतात. हे सूत्र वॉलेस याने १९५१ मध्ये मांडले. एक मायक्रॉन मळ साचला की १०,००० हर्ट्‌झवर साडेअकरा डेसिबल जातात. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून हेड पुसण्याचा घरगुती उपाय यामुळेच प्रभावी ठरे.

पदार्थांची निवड : परमॅलॉय हा निकेल-लोखंडाचा मिश्रधातू चुंबकीय दृष्ट्या उत्तम, पण मऊ आहे. त्याची विकर्स मापावरील कठीणता (आकडा जितका मोठा तितका पदार्थ कठीण) सुमारे १२० आहे. हाकारु मासुमोतो यांनी १९३६ मध्ये जपानमधील सेंदाई येथे शोधलेल्या सेंडस्ट या मिश्रधातूत लोखंड सुमारे ८५, सिलिकॉन ९·५ व ॲल्युमिनियम ५·५ टक्के असते. त्याची कठीणता ५०० च्या आसपास आहे. मॅंगनीज-जस्त फेराइट त्याहूनही कठीण आहे. व्हीएचएस या घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या यंत्रातील ६२ मिमी. व्यासाच्या, पाल या दूरचित्रवाणी पद्धतीत मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या ड्रमवर तेच बसवत. अकाई कंपनीने काच व स्फटिक फेराइटच्या आपल्या हेडसाठी १,५०,००० तासांचा दावा जाहिरातींतून केला होता. रात्रंदिवस वाजवले तर ते सतरा वर्षे भरतात. एवढा वेळ ऐकणारा कान कोणाचा, हा प्रश्न अलाहिदा.

कठीण म्हणजे टिकाऊ, हे समीकरण मात्र अपुरे आहे. फेराइट झिजत नाही, पण त्याच्या फटीच्या कडा तुकड्यातुकड्यांनी उडतात. शिवाय चेहऱ्यावर एकाहून अधिक पदार्थ असतात आणि ते वेगवेगळ्या गतीने झिजतात. हेड टिकवायचे, तर चेहऱ्यावरील सगळे पदार्थ सारख्या गतीने झिजावेत, हे मत येथे अधिक ग्राह्य मानले आहे. क्रोमियम डायऑक्साइडच्या फिती हेड लवकर खातात का, यावर मात्र एकवाक्यता नाही. उत्पादकांनी ते नाकारले, वापरणाऱ्यांनी ते सांगणे सोडले नाही. एकाच प्रकारच्या दोन फितींतही पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणामुळे मोठा फरक पडतो, त्यामुळे सरसकट निवाडा करता येत नाही.

हवामान : हवेतील ओलावा वाढला की ऑक्साइड फितीने होणारी झीज वाढते. खाडीकाठच्या ठाण्यात पावसाळ्यातील बहुतेक दिवस सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय ओलाव्याने कणांना धरून ठेवणारे पॉलियुरेथेनचे बंधक द्रव्य विघटित होऊन काही जुन्या फिती चिकट होतात. अशी फीत हेडवर तपकिरी लगदा सोडते आणि चालताना किंचाळते. ती सुमारे ५० अंश सेल्सियसला काही तास शेकून तात्पुरती वाजती करता येते. कपाटात जपलेल्या भजनांच्या, नाटकांच्या वा घरच्या लग्नकार्याच्या स्पूल अंकीय स्वरूपात उतरवून घेताना हे ध्यानात ठेवावे लागते. मात्र अगदी कोरडी हवाही निर्दोष नाही. तीत हेडच्या धातूवर नॅनोमीटरच्या मापाचा तपकिरी डाग धरतो व तो स्पिरिटने निघत नाही.

पातळ थरांचे हेड : एलटीओ (लिनियर टेप-ओपन) प्रकारच्या संगणकीय फितीचा पहिला अवतार २००० मध्ये १०० जीबीचा होता, २०२१ मधील नववा १८ टीबीचा आहे. फीत १२·६५ मिमी. रुंद असून हेड एकाच वेळी ३२ पट्टे हाताळते. ते कापून-जोडून होत नाही. ॲल्युमिना व टायटॅनियम कार्बाइडच्या चकतीवर धातूचे थर बसवून, प्रकाशमुद्रणाने आकार कोरून, चकतीच्या पट्ट्या पाडून त्या घासल्या जातात. चेहरा गोल नसून सपाट ठेवतात. त्याची धारदार कड फितीसोबत येणारी हवा खरवडून काढते, त्यामुळे वातावरणाचा दाबच फितीला हेडवर टेकवतो. येथे झीज नव्या रूपात येते. चकती अतिकठीण, मधली चुंबकीय टोके मऊ. टोके काही दशक नॅनोमीटर आत जातात आणि वॉलेसचे सूत्र पुन्हा लागू होते. त्यावर कठीण संरक्षक लेप, अधिक गुळगुळीत बेरियम फेराइट फिती आणि खोलीतील आर्द्रतेचे नियंत्रण असे उपाय योजतात. दीर्घ साठवणीसाठी १६ ते २५ अंश सेल्सियस व २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवतात. नवी मुंबईत ती राखणे म्हणजे वातानुकूलन बाराही महिने चालवणे.

प्रकाशीय स्विच : एका प्रकाशतंतूतील प्रकाश विजेत न बदलता दुसऱ्यात वळवणारा घटक. प्रिझम किंवा तंतूच हलवणारे यांत्रिक स्विच मिलिसेकंदांत काम करतात. सिलिकावरील तापनियंत्रित मार्गही साधारण तितकाच वेळ घेतात, तर लिथियम नायोबेट या स्फटिकाचे स्विच नॅनोसेकंदांत वळतात. लोह गार्नेट या चुंबकीय स्फटिकातून जाताना प्रकाशाचे ध्रुवण (त्याच्या कंपनाची दिशा) चुंबकीय क्षेत्राने फिरते. त्यावर आधारलेले स्विच प्रवाह तोडल्यावरही आपली स्थिती धरून ठेवतात. सिलिकॉनमध्ये कोरलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या सूक्ष्म आरशांचे स्विच २००० च्या आसपास दूरसंचारासाठी गाजले व पुढे मागे पडले. मोठ्या डेटा सेंटरांमुळे त्यांना पुन्हा मागणी आली आहे. रस्ता खोदताना केबल तुटणे ठाणे-बेलापूर मार्गावर नवे नाही. अशा वेळी संरक्षक स्विच ५० मिलिसेकंदांच्या आत वाहतूक दुसऱ्या मार्गावर नेतो, ही अपेक्षा असते.

या घटकांची घडण हेडच्या घडणीशी जवळची आहे. थर बसवणे, प्रकाशमुद्रण, कापणी, घासणी हे टप्पे तेच. साम्य सर्वांत स्पष्ट दिसते ते तंतूच्या टोकाशी. झिर्कोनियाची कठीण नळी आणि तिच्या मधोमध मऊ काचेचा तंतू हिऱ्याच्या वा ॲल्युमिनाच्या फिल्मवर एकत्र घासतात. काच अधिक झिजली तर तंतू नॅनोमीटरच्या मापाने आत बसतो, दोन टोकांत हवेचा पडदा राहतो आणि प्रकाश परततो. एकमार्गी तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असल्याने धुळीचा एक कणही तो झाकू शकतो. म्हणून महाप्यातील तंत्रज्ञ जोडणीपूर्वी टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि पुसतो. पुसायला वापरतो ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, हेडसाठी वापरत त्या स्पिरिटाच्याच जातीचे.