एलव्हीएमचे एरर मेसेज आणि 'डिस्क बघायच्या कुठल्या?' हा जुना वाद

लिनक्सवरचा एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटून देणारा लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, 1998 चा; एचपी-यूएक्स या एचपीच्या युनिक्समधल्या व्हॉल्यूम मॅनेजरच्या धर्तीवर लिहिलेला. पुढे लिनक्सच्या 2.6 कर्नलमधल्या डिव्हाइस मॅपरवर (खऱ्या डिस्कवर आभासी डिस्क मांडणाऱ्या भागावर) एलव्हीएम2 उभा राहिला. आज पडद्यावर येणारे बहुतेक मेसेज त्याचेच, आणि त्यातल्या बऱ्याच मेसेजमागे डिस्क बिघडलेली नसते. एलव्हीएमने कुठल्या डिस्क बघायच्या, याचं उत्तर दर काही वर्षांनी बदललं, त्याचे ते पडसाद.

सुरुवातीला प्रत्येक कमांड सगळ्या डिस्क वाचत असे. मल्टिपाथमुळे (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक जोडण्यांमुळे) एकच लन, म्हणजे स्टोरेजने दिलेली डिस्क, दोन वाटांनी दिसला, किंवा स्टोरेजवरून क्लोन घेतला, की यूयूआयडी हा ओळख क्रमांक तोच दोनदा सापडायचा आणि 'डुप्लिकेट पीव्ही' (पीव्ही म्हणजे एलव्हीएमला दिलेली डिस्क, फिजिकल व्हॉल्यूम) हजर. उपाय म्हणजे एलव्हीएम.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधला, कुठल्या डिस्क वगळायच्या ते सांगणारा फिल्टर. तो चुकला आणि तसाच इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना आधी चालणाऱ्या छोट्या सिस्टममध्ये) गेला, तर मशिन बूटच व्हायचं नाही.

शेकडो लन असलेल्या सर्व्हरवर हे स्कॅनिंग फार रेंगाळायचं. म्हणून एलव्हीएममेटाडी आला. नवी उपकरणं ओळखणाऱ्या यूडेव्हने नवी डिस्क कळवायची, या डीमनने (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमने) तिचा मेटाडेटा, म्हणजे तिच्यावरची एलव्हीएमची नोंद, मेमरीत ठेवायचा आणि कमांडने त्याला विचारायचं. कागदावर छान. प्रत्यक्षात डुप्लिकेट दिसले की तो बाजूला ठेवावा लागे, क्लस्टरसाठीच्या जुन्या सीएलव्हीएमडी या डीमनसोबत तो चालत नसे, आणि कॅशमधलं चित्र डिस्कवरच्या चित्राशी जुळेलच याची खात्री नव्हती. सर्वांत जास्त घबराट मात्र निरुपद्रवी मेसेजने पसरवली: 'एलव्हीएममेटाडीशी जोडता आलं नाही, अंतर्गत स्कॅनिंग करतोय.' क्रूटमध्ये, म्हणजे दुसरी डिरेक्टरी मूळ मानून चालवलेल्या वातावरणात, ग्रब हा बूटलोडर बसवताना तो मेसेज ओळीने यायचा, कारण तिथे रन डिरेक्टरीतलं, डीमनशी बोलायचं सॉकेटच नसायचं. काम नीट व्हायचं, तरी लोक इन्स्टॉलेशन अर्धवट सोडायचे. बाहेरची रन डिरेक्टरी आत बाइंड माउंट केली (तीच आतही दिसेल अशी जोडली) की ओरड थांबत असे, पण मेसेजमध्ये तसं कुठेच नव्हतं. 2018 मध्ये 2.03 आवृत्तीतून हा डीमन काढून टाकला. कोड सोपा करायचा हे कारण पटण्यासारखं आहे, कारण स्कॅनिंगच असिंक्रोनस, म्हणजे एकेका डिस्कसाठी न थांबता, करून बरंच वेगवान झालं होतं. हेच आधी केलं असतं तर डीमनची गरज कितपत पडली असती, हा प्रश्न उरतोच.

2021 पासून तिसरं उत्तर आहे: सिस्टम.डिव्हायसेस ही यादी. ती चालू असेल, तर यादीत नाव नसलेल्या डिस्ककडे एलव्हीएम बघतच नाही. व्हर्च्युअल मशिनचे पीव्ही होस्टला (ते मशिन ज्याच्यावर चालतं त्या संगणकाला) दिसून होणारे घोळ यामुळे कमी झाले, पण दुसऱ्या मशिनची डिस्क आणून लावली तर सगळ्या डिस्क दाखवणारं एलएसबीएलके ती दाखवतं आणि फक्त पीव्ही दाखवणारं पीव्हीएस गप्प राहतं. एररही नाही. एलव्हीएमडिव्हायसेसने डिस्क यादीत घालावी लागते, किंवा व्हीजीइम्पोर्टडिव्हायसेसने अख्खा व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे पीव्हींचा एकत्र गट. आणि जुना फिल्टर कॉन्फमध्ये राहिला असेल, तर 'तो काढून टाका, त्याकडे दुर्लक्ष होतंय' असा नवा इशारा वर येतो.