विजया ते सीबीडी : एका बाटलीची पार्श्वभूमी

गुडघे दुखतात, कंबर धरते, झोप लागत नाही, ऑफिसचा ताण डोक्यातून जात नाही. या सगळ्यावर हल्ली एकच बाटली सुचवली जाते. ड्रॉपरची, छोटीशी, आत हिरवट-सोनेरी तेल, जिभेखाली थेंब सोडायचे. नाव सीबीडी तेल. आपल्याकडे विकताना त्यावर ‘विजया’ हा शब्द, म्हणजे भांगेचं संस्कृत नाव, असतो आणि सोबत ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे वाक्यही. वनस्पती हजारो वर्षांची आहे, यात वादच नाही. पण बाटलीतलं सीबीडी, म्हणजे त्या वनस्पतीतलं कॅनाबिडिओल, वेगळं काढलं गेलं ते १९४० साली अमेरिकेत. परंपरा एका गोष्टीची आहे आणि विक्री दुसऱ्याच गोष्टीची.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. भांग म्हणजे पानं, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याची राळ. झाड एकच. इंग्रजीत त्याला ‘हेंप’ही म्हणतात. त्यासाठी मराठीत कुठे कुठे ‘ताग’ लिहिलेलं दिसतं, पण आपला शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो ताग वेगळ्याच कुळातला. त्यात सीबीडीही नाही आणि नशाही नाही.

अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोमाच्या जोडीला दर्भ, भंग, यव अशा वनस्पतींना संकटातून सोडवण्याची विनवणी आहे. तो भंग म्हणजे हीच भांग का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदिक ग्रंथात मात्र शंकेला जागा उरत नाही. ‘व्यवायी’ द्रव्य, म्हणजे पचण्याआधीच सगळं शरीर व्यापणारं, याचं उदाहरण म्हणून तिथे भांग आणि अफू एकाच ओळीत येतात. बारकाईने बघितलेलं आहे हे! पुढे जातिफलादि चूर्णासारख्या योगांत शोधन केलेली भांग पडू लागली, तीही मुख्यतः ग्रहणी, अतिसार, मंदाग्नी अशा पोटाच्या विकारांसाठी. ती अख्ख्या पानाची भांग होती, नशा आणणाऱ्या टीएचसीसकट. टीएचसी काढून टाकलेली विजया कुठल्याही वैद्याने कधी खलात घेतली नव्हती, तसं करण्याचं साधनच नव्हतं.

या झाडाला आधुनिक वैद्यकात आणलं कलकत्त्याच्या एका आयरिश डॉक्टरने. विल्यम ब्रुक ओ’शॉनेसी मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. पंडित मधुसूदन गुप्त यांच्यासारख्या जाणकारांकडून त्याने जुन्या ग्रंथांतली माहिती घेतली, गांजाचा अर्क आधी जनावरांना देऊन पाहिला, मग संधिवात, पटकी, धनुर्वात यांच्या रोग्यांना दिला, आणि १८३९ मध्ये तिथल्या वैद्यक मंडळापुढे निबंध वाचला. धनुर्वातात मोठ्या मात्रेने पुष्कळ रोगी पूर्ण बरे होतात, असा दावाही त्याने केला. त्याच्या नोंदींतला मनात राहणारा रोगी मात्र वेगळा आहे : अवघ्या ४० दिवसांची एक मुलगी, एकामागून एक झटके येणारी. अर्काचे थेंब वाढवत नेले आणि ती वाचली. ही मुलगी लक्षात असू द्या. (ओ’शॉनेसीने पुढे भारतात तारयंत्राचं जाळं उभारलं आणि ‘सर’ झाला तोही त्यामुळेच, गांजामुळे नव्हे.)

त्याने विलायतेला नेलेल्या मालापासून लंडनचे औषधविक्रेते पीटर स्क्वायर यांनी अर्क तयार केला आणि पुढची काही दशकं युरोप-अमेरिकेच्या औषधालयांत ‘कॅनाबिस इंडिका’ची बाटली असायची. दुखणं, अर्धशिशी, निद्रानाश; आजच्या जाहिरातींची यादी जवळपास तेव्हाचीच आहे. मग ती गेली का? कायद्याने नंतर, आधी डॉक्टरांनीच ती बाजूला सारली. एका बाटलीचे वीस थेंब काहीच करायचे नाहीत, दुसरीचे तेवढेच थेंब रोग्याला भलत्याच लोकात न्यायचे. पाण्यात विरघळत नसल्यामुळे नव्याने आलेल्या इंजेक्शनच्या सुईतून देता येईना. मॉर्फिन देता येत होतं. १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आलं, तेव्हा निकाल लागल्यातच जमा होता.

दरम्यान ब्रिटिश पार्लमेंटात गांजामुळे हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरली आहेत अशी ओरड झाली आणि १८९३ मध्ये चौकशीसाठी हेंप ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. हजारावर साक्षी आणि सात खंडांचा अहवाल. त्याला मुंबई इलाख्यातले अधिकारी जे. एम. कॅम्पबेल यांचं भांगेच्या धार्मिक स्थानावरचं एक टिपणही जोडलेलं आहे. हिंदूच्या दृष्टीने ही वनस्पती पवित्र आहे, असं सांगून ते सुरू होतं. माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, असा कमिशनचा निष्कर्ष होता. तो फार कुणी मनावर घेतला नाही. १९२५ च्या जिनिव्हा करारात गांजा आला, १९३७ मध्ये अमेरिकेने करातून त्याची कोंडी केली, १९४२ मध्ये तिथल्या औषधकोशातूनही त्याला वगळलं.

सीबीडीचा जन्म याच पडत्या काळातला. इलिनॉय विद्यापीठाच्या रॉजर ॲडम्स यांनी मिनेसोटातल्या रानटी हेंपपासून ते वेगळं केलं; इंग्लंडमध्ये अलेक्झांडर टॉडही त्याच मागावर होते. पण सगळ्यांना शोध होता नशेच्या घटकाचा. याने नशा येईना, म्हणून ते फडताळात गेलं. १९६३ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशुलम यांनी त्याची नेमकी रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी टीएचसी शुद्ध रूपात मिळवलं. त्यासाठी पोलिसांनी जप्त केलेलं पाच किलो चरस ते बसमधून घेऊन आले होते आणि बाकीचे प्रवासी वास कसला म्हणून बघत होते, हा किस्सा ते स्वतःच सांगत. मेंदू स्वतःच तयार करतो असं गांजासारखं द्रव्य १९९२ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘आनंदामाइड’. आपल्या संस्कृत ‘आनंद’वरूनच.

सीबीडीचा खरा कस १९८० मध्ये ब्राझीलला लागला. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या १५ रोग्यांपैकी आठ जणांना रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम सीबीडी दिलं गेलं. चौघांचे झटके जवळपास थांबले, आणखी तिघांना थोडा आराम पडला. इतका निकाल हाती असूनही तीस वर्षं कुणी पुढे गेलं नाही, याची खंत मेशुलम यांना अखेरपर्यंत होती.

फडताळ उघडलं ते कोलोरॅडोच्या एका लहान मुलीने. शार्लट फिगीला ड्रॅव्हेट सिंड्रोम हा अपस्माराचा दुर्मीळ प्रकार होता, आठवड्याला तीनशेच्या घरात झटके यायचे. नशा देत नाही म्हणून गिऱ्हाईक नसलेल्या एका वाणाचं तेल तिला दिलं आणि झटके महिन्याला दोन-तीनवर आले. २०१३ मध्ये हे अमेरिकेच्या टीव्हीवर दिसलं. ओ’शॉनेसीच्या त्या ४० दिवसांच्या मुलीनंतर पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा झटकेच, पुन्हा एक मुलगीच. मग रीतसर चाचण्या झाल्या आणि जून २०१८ मध्ये एपिडिओलेक्स या शुद्ध सीबीडीच्या औषधाला तिथे मान्यता मिळाली, अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी. त्याच वर्षअखेरीस शेती कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंतच टीएचसी असलेलं हेंप मोकळं केलं. पुराव्याने अपस्माराचं दार उघडलं होतं. बाजार त्यातून गुडघेदुखी आणि ताण घेऊन आत शिरला.

इथे थोडं गणित करू. अपस्माराच्या त्या दोन प्रकारांत एपिडिओलेक्सचा डोस वजनाच्या दर किलोमागे रोज २० मिलिग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे २० किलोच्या मुलाला ४०० मिलिग्रॅम. चारचौघांत बोलण्याच्या भीतीवर ब्राझीलमध्ये जे प्रयोग झाले त्यांत ३०० आणि ६०० मिलिग्रॅमचे एकेक डोस होते. आणि हजार मिलिग्रॅमची, ३० मिलिलिटरची बाटली घेतली तर एका थेंबात जेमतेम दीड मिलिग्रॅम येतं. पाच थेंब म्हणजे आठ. ३०० गाठायला एका बैठकीत बाटलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपवावा लागेल. चार थेंबांनी ‘फरक पडला’ म्हणणारा माणूस खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही. दुखणं आणि ताण विश्वासानेही उतरतात, आणि चाचणीत नुसतं तेल देऊन तुलना करतात ती म्हणूनच. दुखण्याची तशी तुलना झाली आहे. सीबीडीच्या १६ चाचण्यांचा आढावा घेतला गेला, त्यांपैकी १५ मध्ये ते औषध नसलेल्या दिखाऊ मात्रेपेक्षा (प्लासिबो) सरस ठरलं नाही.

स्क्वायरच्या काळचा जुना आजारही परतला आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तेव्हा लेबलवरचा आकडा खरा निघाला फक्त ३१ टक्क्यांत. अठरांमध्ये तर टीएचसी सापडलं.

आपल्याकडे ही बाटली कायद्याच्या एका फटीतून येते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळलेल्या. म्हणून इथला अर्क पानांचा असतो, आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याखाली. पानांत टीएचसीही असतं, त्यामुळे ‘विजया’ लिहिलेली प्रत्येक बाटली सीबीडीचीच असेल असं नाही. नोव्हेंबर २०२१ पासून हेंपच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणूनही मान्यता आहे. पण बियांच्या तेलात सीबीडी नावालाच असतं, आणि दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात. एक कोशिंबिरीवर घालायची, दुसरी औषधाची.

औषधाची म्हणजे खरोखरच औषधाची. यकृतातली जी एन्झाइम्स इतर अनेक गोळ्या पचवतात, त्यांच्याच वाटेत सीबीडी येतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असलेल्याच्या रक्तात त्या औषधांची पातळी याने वाढते. गुडघ्यासाठी ही बाटली शोधणारे बहुतेक जण अशा गोळ्या चालू असण्याच्याच वयातले असतात. भारतीय औषध नियमांच्या ई (१) परिशिष्टात, वत्सनाभ आणि धोतऱ्याच्या पंगतीत, भांगेचंही नाव आहे, आणि या यादीतलं द्रव्य असलेल्या आयुर्वेदिक औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असं छापणं बंधनकारक आहे. लेबलवर ‘नैसर्गिक’ मोठ्या अक्षरांत असतं. ही ओळ भिंगाने शोधावी लागते.