मोबाइलचा दूरस्थ शोध

हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या स्मार्टफोनचा ठावठिकाणा दुसऱ्या उपकरणावरून पाहण्याची, तो लॉक करण्याची आणि गरज पडल्यास त्यातील माहिती पुसण्याची सोय. अँड्रॉइड फोनसाठी गूगलने ती २०१३ मध्ये आणली. तिचे सध्याचे नाव ‘फाइंड हब’. आयफोनवर हे काम ‘फाइंड माय’ करते.

ठाणे परिसरात या सोयीची खरी कसोटी लोकलच्या दारात लागते. गाडी मंदावली की रुळांलगत उभे राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारायची आणि खाली पडलेला फोन उचलून पळायचे, ही ‘फटका’ टोळ्यांची पद्धत. फोन वाचवण्याच्या धडपडीत प्रवासी गाडीखाली गेले आहेत, म्हणून तो जाऊ द्यावा हेच बरे. मात्र अशा वेळी फोन बहुधा उघडाच असतो आणि पासवर्ड कितीही अवघड असला तरी त्या क्षणी उपयोगी पडत नाही. नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी २०२४ मध्ये अँड्रॉइडवर फोन हिसकावून पळाल्याची हालचाल ओळखून स्क्रीन आपोआप लॉक करणारी सोय आली. सहप्रवाशाच्या फोनवरून केवळ आपला मोबाइल नंबर टाकूनही लॉक करता येते. आयफोनमध्येही २०२४ पासून, नेहमीच्या ठिकाणापासून दूर असताना, महत्त्वाचे बदल चेहरा किंवा बोटाचा ठसा पटल्याशिवाय होत नाहीत. या सोयी चालू आहेत का, हे सेटिंग्जमध्ये आजच पाहावे. फोन गेल्यावर त्या चालू करता येत नाहीत.

इंटरनेट बंद असले तरी जवळून जाणाऱ्या इतरांच्या फोनना ब्लूटूथचा संकेत मिळून ठिकाण कळू शकते. ठाणे किंवा वाशी स्थानकाच्या गर्दीत याचा फायदा होतो. नकाशावरचा ठिपका मात्र इमारत दाखवतो, मजला नाही. कळव्याच्या दाट वस्तीत त्या ठिपक्यामागे एकट्याने जाणे धोक्याचे आहे. तो पोलिसांना दाखवावा.

फोन गेल्यावर कामांचा क्रम महत्त्वाचा. आधी लॉक, मग ठिकाणाचा स्क्रीनशॉट, लगेच सिम बंद आणि बँकेला कळवून यूपीआय बंद. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा. अँड्रॉइडमधील माहिती पुसली की तो फाइंड हबवर दिसत नाही, त्यामुळे ते पाऊल शेवटी उचलावे.

लॉक, सिम आणि यूपीआयची कामे झाली की पोलीस तक्रार; रेल्वेत घडले असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे. तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि त्याच नंबरचे नवे सिम हाताशी ठेवून दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, ब्लॉक करता येतो. सीईआयआर नावाची ही यंत्रणा २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात महाराष्ट्रातही सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर पोहोचली. ब्लॉक केलेला फोन देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही, आणि त्यात कुणी सिम घातल्यास त्याचा माग पोलिसांना मिळतो. पंधरा अंकी आयएमईआय *#०६# दाबून कळतो. फोन हातात असतानाच तो वहीत उतरवून घ्यावा आणि बिलाची प्रतही जपावी.

आयफोन चोरीला गेल्यावर ‘तुमचा फोन सापडला’ असा लिंक असलेला संदेश येऊ शकतो. तो बहुधा ॲपल खात्याचा पासवर्ड काढून घेण्यासाठी असतो; लिंक उघडू नये. फोन खरोखर परत मिळाल्यास तो ‘संचार साथी’वर अनब्लॉक करता येतो.