मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी

ख्रिस्ती श्रद्धा, शरीरबल आणि पौरुष यांची सांगड घालणारी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात रूढ झालेली प्रॉटेस्टंट विचारधारा. मराठीत ‘बलोपासक ख्रिस्ती धर्म’ असा पर्याय सुचतो; परंतु बलोपासना म्हणताच आपल्याकडे मारुती आणि तालीम आठवते, आणि त्या परंपरेशी या विचाराच्या उगमाचा संबंध नाही. म्हणून येथे मूळ संज्ञाच ठेवली आहे.

संज्ञेचे जनकत्व वादग्रस्त आहे. टॉमस ह्यूझ (१८२२–९६) याच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ (१८५७) या कादंबरीकडे ते देण्याचा प्रघात कालक्रमास धरून नाही. चार्ल्स किंग्झली (१८१९–७५) याच्या एका कादंबरीचे टी. सी. सँडर्सने लिहिलेले, ही संज्ञा वापरणारे परीक्षण ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या साप्ताहिकाच्या २१ फेब्रुवारी १८५७ च्या अंकात आले, ह्यूझचे पुस्तक त्यानंतर, एप्रिलमध्ये निघाले. सँडर्सने रंगविलेला किंग्झलीचा आदर्श पुरुष देवाला भितो, हजार तासांत हजार मैल चालतो, घोड्याला औषधपाणी करतो आणि शेगडीतली लोखंडी सळई बोटांभोवती वळवतो. सूर उघडच थट्टेचा आहे. हा शब्दप्रयोग याआधीही झाला होता असे काहींचे म्हणणे. मात्र त्याचा प्रसार या परीक्षणापासून झाला असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

खुद्द किंग्झलीला हे बिरुद रुचले नाही. केंब्रिज येथे बायबलमधील दावीद राजावर दिलेल्या प्रवचनांत (१८६५) त्याने त्याचा एक अर्थ स्वीकारला व दुसरा धिक्कारला. ह्यूझने मात्र ते आनंदाने मिरवले. ‘टॉम ब्राउन ॲट ऑक्सफर्ड’मध्ये (१८६१) तो नुसता पिळदार गडी आणि ‘मस्क्युलर ख्रिश्चन’ यांत फरक करतो : पहिल्याला आपल्या शरीराचे काय करायचे हेच ठाऊक नसते, दुसऱ्याचे शरीर कमावून ताब्यात आणण्यासाठी आणि दुर्बलांच्या रक्षणासाठी दिलेले असते. नॉर्मन व्हान्ससारखे अभ्यासक ‘ख्रिस्ती पौरुष’ ही व्यापक संज्ञा पसंत करतात. किंग्झली व ह्यूझ यांच्या लेखनात केवळ स्नायूंचे कौतुक नसल्यामुळे ती अधिक योग्य वाटते.

शास्त्राधार म्हणून बायबलमधील पौलाची पत्रे पुढे केली जात. करिंथकरांस पहिल्या पत्रात शर्यत आणि मुष्टियुद्धाचे दाखले आहेत (९ : २४–२७) आणि शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४ : ८) मात्र शारीरिक कसरतीचा उपयोग थोडकाच असल्याचे म्हटले आहे, समर्थकांना ते वचन अडचणीचेच होते.

रग्बी शाळेचा मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड यास या चळवळीचा आद्यपुरुष मानतात. पण त्याचा भर नीतिशिक्षणावर होता, खेळांवर नव्हे. खेळाचे माहात्म्य त्याच्या शिष्यांनी वाढविले.

लंडनमध्ये १८४४ साली स्थापन झालेल्या वायएमसीएने (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) पुढे हा विचार संस्थारूपात आणला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे ल्यूथर ग्यूलिकने आत्मा, मन व शरीर दर्शविणारा त्रिकोण रूढ केला. तेथेच डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल सुरू केला. व्हॉलीबॉलही (१८९५) वायएमसीएचाच. मुंबईत संघटनेची शाखा १८७५ पासून आहे, तर मद्रासला हॅरी क्रो बक याने १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले.

भारतातील ठळक उदाहरण श्रीनगरच्या मिशन शाळेचे. केंब्रिजच्या नौकासंघाचा सुकाणूधारी राहिलेला मिशनरी सेसिल टिंडेल-बिस्को याने १८९१ मध्ये तेथे फुटबॉल आणला. चेंडू चामड्याचा, विद्यार्थी बहुतांशी पंडित. त्यांनी पाय लावण्यास नकार दिला. तेव्हा काठ्या घेतलेल्या शिक्षकांनी त्यांना खेळायला लावले. चेंडू एकाच्या तोंडावर बसला आणि बाटल्याचा आकांत झाला. त्याला पाण्यावर नेऊन धुतले व खेळ पुढे चालू झाला. शाळेचे चिन्ह एकमेकांवर तिरपी ठेवलेली वल्ही, ब्रीद ‘सर्व बाबतींत पुरुष व्हा’. या बळजबरीत धर्मप्रसार किती आणि साम्राज्याचा तोरा किती, हे वेगळे काढणे कठीण.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बिल मकार्टनी या फुटबॉल प्रशिक्षकाने स्थापलेल्या ‘प्रॉमिस कीपर्स’ (१९९०) या पुरुषांच्या संघटनेत या विचाराचे पडसाद दिसतात. तिचा मोठा मेळावा ४ ऑक्टोबर १९९७ रोजी वॉशिंग्टन येथे भरला.