मिठाची खाण अन् संत्र्याची बाग

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे पक्कं खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, अन् तेच पाणी हरभऱ्याला देत राहिलं की चारदोन वर्षांत जमीन चोपण होऊन बसते. दिवाळीला भाचा आला, पुण्याला नोकरीत आहे, दिवसभर मोबाईलवर शेअर बघत बसतो, त्याला कुठून तरी कॅनडातल्या नव्या मिठाच्या खाणीचा व्हिडिओ आला होता. मला म्हणे, "मामा, लोकं मीठ इकून कोट्यवधी कमवाच्या गोष्टी करून रायले, अन् आपल्या इथं तं विहीरच खारी हाय, आपण काहून खाण नाई काढत?"

हसू आलं, पण प्रश्न येडा नाही. पूर्णाकाठी एकेकाळी खाऱ्या विहिरींतून खरंच मीठ काढायचे, १९३० च्या सत्याग्रहात अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला असंच विहिरीचं पाणी आटवून इंग्रजांचा कायदा मोडला होता. म्हटलं चल, करूनच बघू. परातीत दोन लिटर पाणी घेतलं अन् गच्चीवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी तळाला पांढरी पापडी धरली, खरवडली तर चमचाभर सुद्धा नाही, अन् जिभेवर ठेवली तर खारटापेक्षा कडूच जास्त, कारण त्यात नुसतं मीठ नसतं, सोडियमचे न् मॅग्नेशियमचे दुसरेही क्षार असतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात, कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणारे अगरिया लोक जमिनीखालून जे पाणी उपसतात ते त्याच्याहूनही कितीतरी खारं. आपलं पाणी पिकाचं वाटोळं करायला पुरतं, मिठाच्या धंद्याला नाही.

खाणीतलं मीठ म्हणजे वेगळाच मामला. अर्धवट कोंडलेला उथळ समुद्र, वर कडक ऊन, पाणी आटतं, मीठ तळाला बसतं, परत पाणी आत येतं, परत आटतं, असं हजारो वर्षं चालतं. एकदाच आटून भागत नाही, हजार मीटर खोल समुद्र पुरा आटला तरी जेमतेम १५-१६ मीटरचा थर उरतो. भाच्याचा व्हिडिओ होता न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉर्जेस गावाजवळच्या प्रकल्पाचा, ॲटलास सॉल्ट नावाच्या कंपनीचा. तिथलं मीठ साधारण ३३-३४ कोटी वर्षांपूर्वीचं, आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्यापुढे पोरगाच.

आता पैशाची गोष्ट. हे मीठ खायचं नाही, रस्त्यावरचा बर्फ वितळवायचं जाडं मीठ, त्याला खाणीवर टनाला साधारण ५०-६० डॉलर मिळतात, म्हणजे आपल्या हिशोबानं क्विंटलला पाचशे रुपये धरा. कापसाचा हमीभाव २०२४-२५ ला लांब धाग्याला ७५२१ होता, तरी आपण रडतो! एवढा स्वस्त माल ट्रकमध्ये भरून चार-पाचशे किलोमीटर नेला की भाड्यातच सगळं गेलं. म्हणून गुंतवणूकदार मीठ किती आहे हे नंतर विचारतो, आधी विचारतो बंदर किती लांब अन् मीठ किती खोल. सेंट जॉर्जेसचं मीठ दोनेकशे मीटरवरच लागतं अन् बंदर जवळ, तिथं सरळ उभी विहीर खोदायची गरज नाही, उतरता बोगदा चालतो, आपल्याकडच्या कोळसा खाणीत ज्याला इनक्लाइन म्हणतात तोच. आत गेल्यावर खोल्या कोरायच्या अन् मधे मिठाचेच जाड खांब छत धरायला सोडायचे, बल्लारपूरकडच्या जुन्या भूमिगत खाणींसारखे.

खाली काय आहे ते कळतं बोअरच्या नमुन्यातून, अन् तिथंच फसवणूकही होते. नमुन्यात बाहेरून माल मिसळण्याला इंग्रजीत सॉल्टिंगच म्हणतात, आपण तिखटमीठ लावतो तसं. कॅनडाच्याच ब्रे-एक्स कंपनीच्या इंडोनेशियातल्या नमुन्यांत असंच सोनं मिसळलेलं निघालं, १९९७ ला कंपनी बुडाली, लोकांचे अब्जावधी डॉलर गेले, मग कॅनडानं २००१ पासून नियम केला की खनिजाचा आकडा जाहीर करायचा तर जबाबदार तज्ज्ञाची सही पाहिजे. मिठात असं करून फार काही मिळत नाही म्हणा, पण नियम सगळ्यांना सारखा.

भाच्याला सगळ्यात अवघड गेला तो काळाचा हिशोब. मोर्शीला मावशीची संत्र्याची बाग आहे, कलम लावलं तेव्हापासून पाच वर्षं नुसता खर्च, खत, पाणी, डिंक्याची फवारणी, बहार नंतर. खाणीचंही तसंच, फक्त खर्च कोटीत. वर्षाला ८ टक्के व्याजाचा दर धरला तर १० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ४६ रुपये, अन् ३० वर्षांनी मिळणाऱ्या शंभराची फक्त १०. म्हणजे "खाण ३४ वर्षं चालणार" हे ऐकायला भारी वाटतं, पण शेवटच्या वर्षांना पैशाच्या भाषेत जवळपास भाव नाही. अन् सगळी कमाई दोन वर्षं पुढं ढकलली गेली की तिची आजची किंमत १४ टक्क्यांनी खाली.

ॲटलासच्या २०२३ च्या अभ्यासात वर्षाला २५ लाख टन, ३४ वर्षं, सुरुवातीचा खर्च ४८ कोटी कॅनेडियन डॉलर असं होतं. २०२५ ला सुधारून वर्षाला ४० लाख टन, २४ वर्षं केलं, खर्च ५९ कोटींच्या घरात गेला तरी. मीठ काही फार वाढलं नाही, तेच लवकर काढायचं ठरवलं. माझ्या मते हा सगळा खेळ समजायला एवढी एकच गोष्ट पुरे.

पाणी हा मात्र वैरी. न्यूयॉर्क राज्यात रेट्सॉफची मिठाची खाण तेव्हा अमेरिकेतली सगळ्यात मोठी, १९९४ च्या मार्चमध्ये तिथं एका भागाचं छत बसलं, ३.६ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला, वरचं भूजल आत घुसलं अन् अख्खी खाण पाण्याखाली गेली. मीठ विरघळतं, त्याला कोण काय करणार. पुढं तिथून जवळच हॅम्प्टन कॉर्नर्सला नवी खाण काढावी लागली.

हे सगळं सांगता सांगता चहा दोनदा झाला. भाचा परातीतली पापडी नखानं खरवडत बसला होता, मग मोबाईल उचलला अन् शेअरचा भाव न बघता तिकडचं हवामान उघडलं. "मामा, यंदा तिकडं बर्फ पडन का पन? नाई पडला तं हे मीठ कोन घेईन?"